माझ्या शब्दावरचं भस्म

५ ऑगस्ट, मंगळवार. विटा

स. १६४/१००. सं. १५८/९८.

डॉ.बाई म्हणाल्या, वहीत रोज दोन वेळा बीपीचे आकडे लिहून आणा. तेवढ्यासाठी वही उघडली, पण आकडे लिहिले की पेन खाली ठेववत नाही. सगळ्याचा वीट आलाय, तो कुठं लिहू?

आज अळणी दोडका. काल अळणी भेंडी. परवा दुधी, तोही अळणी. शालन म्हणते, "आवं, वर लिंबू पिळा, म्हंजी कळत न्हाई." पिळलं. लिंबूही कळलं आणि दोडकाही कळला. ताट सरकवलं. माझं उरलेलं तिनंच खाल्लं, मीठ न घेता. त्याचाही राग आला.

जूनअखेर कोइमतूरला दुकानात, भट्टीपुढं, नाकातून रक्त. वरचं २१०. तेव्हापासून हा तुरुंग. उभा जन्म सोनं गाळण्यात गेला, आता घरात बसून भाजीची देठं मोजतोय. दुकान सागर बघतो. पोरगा हुशार आहे, पण फोनवर एकच पालुपद, "पप्पा, तुम्ही आराम करा." मला दिवाळीला भट्टीपुढं उभं राहायचंय. सराफांची खरी धांदल तेव्हाच. डॉ.बाई म्हणतात, आकडा ताब्यात येईपर्यंत भट्टीचं नाव काढू नका.

म्हणजे माझी दिवाळी एका गोळीवर आणि दोडक्यावर.

७ ऑगस्ट, गुरुवार

स. १६०/९८. सं. विसरलो.

पहाटे मायणी रस्त्याला चालणं. निम्मं विटा तिथं चालत असतं, आणि पायांपेक्षा तोंडं जास्त चालतात. एक म्हणाला शेवग्याचा पाला. दुसरा म्हणाला उपाशीपोटी लसूण. तिसरा रिटायर तलाठी, तो खांद्यावर हात टाकून म्हणाला, "गोळी धरली की सरणापतोर सुटत न्हाई गड्या. धरूच नगं." त्याच्या बायकोनं मागं शालनला सांगितलंय की तो स्वतः दोन घेतो.

पुढं कोपऱ्यावर दहाबारा जण टाळ्या पिटत मोठमोठ्यानं हसत होते. विनोद कुणी केलेला नव्हता. तब्येतीसाठी हसायचं असतं म्हणे. शिसारी आली.

गोळी सुरू झाल्यापासून घोटे सुजतात. मोजा काढला की वळ राहतो, बोटानं दाबलं की खड्डा. डॉ.बाईंना सांगितलं नाही. त्यांनी आकडे विचारले, मी आकडे दिले. लेकीच्या वयाच्या बाईपुढं पाय उघडे करून काय दाखवायचे.

११ ऑगस्ट, सोमवार

स. १५४/९६. सं. १७६/१०४!

श्रावणी सोमवार. शालनचा उपास, म्हणून माझाही. सकाळी तिच्या भावाचा, दिनकरचा फोन आला होता. "ताई, शेंदेलोणानं बीपी वाढत न्हाई, बिनघोर घाल." तिनं बिनघोर घातलं. किती दिवसांनी तोंडाला चव आली. खिचडीच्या दोन ताटल्या खाल्ल्या, वर बटाट्याचा कीस, वर पापड्या.

सं. आकडा बघून डॉ.बाईंना फोन. त्या म्हणाल्या, "काका, तेही मीठच आहे."

शालनला सांगितलं. ती बरणी उचलून फळीवर अगदी मागं ठेवून आली आणि म्हणाली, "मला काय म्हाईत, दिनकर म्हणला."

गल्लीतल्या बाया माझ्या बीपीच्या मशीनला हात द्यायला येतात. एक झाली की दुसरी. सगळ्यांचं बीपी चांगलं. भाकरीबरोबर मिठाचा खडा चावणाऱ्या शेजारच्या म्हातारीचंसुद्धा. किळस आली मला त्या मशीनची.

१७ ऑगस्ट, रविवार

स. १५२/९४. (चांगलं म्हणतात ह्याला.)

दिनकर आला. ह्यानं आधी शेततळ्याचा कागद विकला, मग विमा, मग द्राक्षावर फवारायचं कसलं तरी टॉनिक. आता भस्म विकतो. छोटी डबी, वर सोनेरी कागद, नाव सुवर्णयोग. आत तांबूस पूड, जरा शेंदराकडं झुकणारी. चिमटीत घेतली, मऊ होती.

"ह्यात सोनं हाय दाजी. आता तुमास्नी मी सोन्याचं काय सांगायचं?"

मग म्हणाला, गोळी आणि भस्म एकत्र घ्यायचं नाही, उष्णता होते. गोळी बंद करायची. आणि महिनाभर मशीन लावायचं नाही, कारण अंगातलं विष बाहेर पडताना आकडा आधी वर चढतो.

माझे पाय बघितले त्यानं. आपणहून. "ही सूज त्या गोळीची हाय दाजी. इंग्रजी औषध म्हंजी एक धरायचं आन् दुसरं बिघडवायचं." माझ्या पायाकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं. ते मनाला भिडलं.

डबी ठेवून घेतली. चमचाभर तुपातून, स. सं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आकडा नाही. मशीन शेजारच्या म्हातारीला देऊन टाकलं, तिला त्याचं वेड आहे.

घोट्याची सूज उतरली! मोज्याचा वळ नाही. शालनला पाय दाखवले. ती म्हणाली, "बरं झालं," आणि पुन्हा एकदा बघितलं. भावाचं कौतुक तिच्या तोंडावर दिसत होतं.

२४ ऑगस्ट, रविवार

श्रावण संपला. दिनकर मटण घेऊनच आला. शालननं रस्सा केला, मीठ घालून. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा जेवलो असं वाटलं. बाकी सगळं नुसतं गिळणं होतं.

जेवण झाल्यावर दिनकरनं फोन काढला. "दाजी, दोन शब्द बोला. लोकास्नी धीर येतो." भरल्या पोटी, पान तोंडात. मी बोललो. "मी विट्याचा गलाईवाला. तीस वर्षं सोनं गाळलंय. सोनं मी नजरेनं वळखतो. ह्यात सोनं हाय, मला गुण आलाय, माझ्या शब्दावर घ्या." एका दमात. व्हिडिओ पुन्हा घ्यावा लागला नाही. दिनकर म्हणाला, टीव्हीवरच्यांनासुद्धा असं जमत नाही.

रात्री छातीत जळजळ. मटणाचं असेल.

३१ ऑगस्ट, रविवार

फोनवर फोन. आपली माणसं कुठं कुठं बसलीत, नाशिक, बनारस, मद्रास, गुवाहाटी. प्रत्येक गावात दोनचार गलाईवाले, आणि प्रत्येकाच्या घरात एकाला बीपी. सगळ्यांनी व्हिडिओ बघितला. "तात्या, तुमी म्हणताय म्हंजी झालं. मागवलं." बरं वाटलं. महिनाभर मला कुणी दोडक्याशिवाय काही विचारलं नव्हतं.

औंधहून अक्काचा फोन. अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी मांडीवरचा होतो, हिनंच वाढवलं. दाजी वारल्यापासून एकटीच राहते. तिला माझ्याआधी कितीतरी वर्षं बीपी, रोजची गोळी. म्हणाली, "बाळू, तुझा चेहरा लय बघितला फोनात. मी बी चालू केलं बघ. गोळी सोडली."

क्षणभर काहीतरी वाटलं. मग म्हणालो, "घे की."

५ सप्टेंबर, शुक्रवार

पोट दुखतंय. साफ होत नाही. डोकं जड. तोंडात धातूची चव. दात घासले, गूळ खाल्ला, तीच चव.

ही चव मी ओळखतो. कुठली ते आठवत नाही. दिवसभर जिभेनं दात चाचपतोय.

९ सप्टेंबर, मंगळवार

आठवलं. कोइमतूरला उमेदवारीत असताना आमचे उस्ताद जुन्या पद्धतीनं शिसं घालून गाळायचे. तो धूर नाकात गेला की दोन दोन दिवस तोंडात ही चव. उस्ताद दूध प्यायला लावायचे आणि म्हणायचे, शिशापासून लांब राहा.

शेजारून मशीन मागून आणलं. म्हातारी द्यायला तयार नव्हती.

१९४/११२. पुन्हा लावलं. १९६/११२.

डबी समोर घेऊन बसलो होतो. आमच्या धंद्यात सख्ख्या भावाचं सोनं असलं तरी मुशीत घातल्याशिवाय घेत नाहीत. लग्नात बायकोच्या अंगावर आलेलं मी परस्पर तपासून घेतलं होतं, शालन अजून तो विषय काढते. आणि ह्या पुडीला मी मूस दाखवली नाही. बघितली, चिमटीत घेतली, आणि बोललो.

१० सप्टेंबर, बुधवार

पेठेत ओळखीचं गाळपाचं दुकान आहे. मालकाला म्हटलं, जरा मूस दे. डबीतली सगळी पूड, कोळशाची भुकटी, टाकणखार. भट्टी पेटल्यावर बरं वाटलं, ह्याची लाज वाटतेय. हात आपोआप चालत होते.

मुशीच्या तळाला हरभऱ्याएवढी गोळी निघाली. राखाडी. नखानं दाबली, दबली. कागदावर ओढली, पेन्सिलीसारखी रेघ. तरी तेजाबात टाकली. सोनं तेजाबात राहतं, बाकी सगळं विरघळून जातं. थांबलो. सगळं गेलं. तळाला काहीही नाही. गुंजेच्या शंभराव्या भागाएवढंही नाही.

शिसं. मी तुपातून शिसं खात होतो. दिवसातून दोनदा, चमचा चाटून.

मालक खांद्यावरून बघत होता. म्हणाला, "तात्या, हे व्हिडिओतलंच का?"

दुकानाच्या मागं जाऊन ओकलो.

११ सप्टेंबर, गुरुवार

दिनकरला फोन. मी आधी शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, भस्म झाल्यावर सोनं सोनं ऱ्हातं व्हय? त्ये सूक्ष्म असतंय. तुमच्या भट्टीला कसं गावंल?"

म्हटलं, शिसं गावलं ते?

मग आवाज बदलला. "मी बी वरनं आणतो, मी थोडंच करतो. आन् व्हिडिओ तुमचाच हाय की दाजी. मी कुटं म्हणलो सोनं हाय म्हणून? तुमी म्हणला."

खरं आहे. म्हणाला होता ते फक्त माझ्यापुढं. डबीवर त्याचा शब्द नाही, व्हिडिओत त्याचं थोबाड नाही. सगळा मीच.

शालन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिच्यावर ओरडलो, तुझा भाऊ म्हणून. ती म्हणाली, "माझाच भाऊ हाय. पर तुमी एवढं सोन्यातलं जाणतं. मी म्हणलं हुतं का, न बघता बोला म्हणून?" आत गेली. थोड्या वेळानं भाकरी आणि अळणी गवार आणून ठेवली. मी मुकाट्यानं खाल्ली. गवारीपेक्षा माझीच जास्त किळस येत होती.

अक्काला लगेच फोन. लागत नाही. औंधला रेंजची बोंब.

१३ सप्टेंबर, शनिवार

डॉ.बाईंकडं. सगळं सांगितलं, डबीसकट. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. रक्त घेतलं, शिशाच्या तपासणीला पाठवलं. म्हणाल्या, शिशानं बीपी वाढतंच, किडनीलाही लागतं. वेळेत थांबलात.

मग विचारलं, गोळी का सोडली?

पाय सुजत होते म्हणून.

"मला सांगितलं का नाही? त्या गोळीनं काहींचे पाय सुजतात. गोळी बदलून दिली असती."

एवढंच होतं. एक वाक्य. ते मी लेकीच्या वयाच्या बाईपुढं बोललो नाही, आणि फोनमध्ये साऱ्या हिंदुस्थानापुढं बोललो.

नवीन गोळी, स. एक. अक्काबद्दल विचारलं. गंभीर झाल्या. तिला आजच जवळच्या डॉक्टरकडं न्या, इतकी वर्षं चाललेली गोळी अशी एकदम सोडणं बरं नाही.

अक्काला फोन लागला. "अक्का, त्ये भस्म बंद कर. त्यात शिसं हाय."

"आरं, तूच म्हणला नव्हं सोनं हाय?"

मी चुकलो म्हटलं. ती म्हणाली, बघू. म्हणजे नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

स. १७०/१०२. सं. १६६/१००.

दुसरा व्हिडिओ केला. शालननं फोन धरला. ह्या वेळी पान नाही, मटण नाही. चार वेळा अडखळलो. "पहिलं बोललो ते न तपासता बोललो. तपासलं, सोनं न्हाई, शिसं हाय. बंद करा, आपापल्या डॉक्टरकडं जावा."

सगळ्या ग्रुपवर टाकला.

पहिला अजून फिरतोय. आज परत मलाच कुणीतरी पाठवला, खाली हात जोडल्याची चित्रं. दुसरा कुणी पुढं पाठवत नाही. नाशिकहून एकाचा फोन, "तात्या, मेव्हण्याशी वाटणीवरनं बिनसलं व्हय? असूं द्या, घरातलं घरात मिटवा." सागरचा फोन, तिकडं कोइमतूरच्या पेठेत लोक विचारतात की तुमचे वडील खरं कधी बोलतात.

त्या पोराला काय सांगू. दुकान माझ्या शब्दावर उभं आहे. सराफ सोनं आमच्या हवाली करून, पाठ फिरवून जातो, तो त्या एका शब्दावर.

मद्रासच्या दोघांनी मात्र बंद केलं. दोघांनी.

२० सप्टेंबर, शनिवार

स. १५६/९६.

अक्काला रोज फोन. आज म्हणाली भस्म संपलं, दिनकरकडून दुसरं मागवलंय. परवा घट बसणार, नऊ दिवस कडक उपास. "गोळी उपासाला चालत न्हाई बाळू, ती पिठाची असती. भस्म चालतं."

मी ओरडलो. तिनं फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझा फोन ठेवला.

उद्या औंध.

२२ सप्टेंबर, सोमवार. औंध

पुसेसावळीवरून एसटीनं काल आलो. येताना कडेला ऊस आणि खाली चिखल, बाकी काही बघितलं नाही.

अक्का वाळलीय. चेहरा लाल, डोळ्याखाली फुगलेलं. मशीन लावलं, २०४/११०. तिला आकडा सांगितला. ती म्हणाली, "माझ्या अंगात देवीचं बळ हाय, तुझं मशीन लहान पडतंय."

नवी डबी देव्हाऱ्यात, यमाईच्या तसबिरीपुढं, फूल वाहिलेली. उचलली आणि मोरीत ओतली. अक्का बघत राहिली. मग म्हणाली, "देव्हाऱ्यातलं हाय त्ये." घट बसवले, माळ बांधली, सगळं पाठमोरी.

उपास म्हणजे काय तर बटाट्याच्या खारवलेल्या काचऱ्या, शेंदेलोण लावलेले शेंगदाणे, पाकिटातले वेफर्स. प्लेट भरून. ह्या उपासाची मला ओकारी येते. देवीनं कधी सांगितलं होतं खारे शेंगदाणे खा?

२३ सप्टेंबर, मंगळवार

इथल्या दवाखान्यात नेली, रिक्षात, जवळजवळ ओढून. तिथले डॉक्टर म्हणाले, आजपासून गोळी सुरू, चार दिवसांनी दाखवा, चक्कर आली, बोलताना जीभ जड वाटली तर वाट न बघता मिरजेला न्या. अक्का सगळ्याला "व्हय डॉक्टर, व्हय डॉक्टर" म्हणाली. घरी आल्यावर पाकीट फडताळात टाकलं.

"दसरा झाला की घेती."

दसऱ्यापर्यंत काय होईल ते डॉक्टरांनी सांगितलंय, तिनं ऐकलंय. भाचा विजू फौजेत, लडाखला. त्याचा फोन आला तर म्हणे, "मामा, आईला ऑर्डर दिल्यासारखं सांगा." सांगितलं. तिनं मलाच कांदे आणायला पाठवलं, आणि उपासाच्या घरात कांदे कशाला हे मला बाजारात गेल्यावर सुचलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

माझं स. १४४/९०. अक्काचं २०८/११२.

माझं खाली येतंय आणि तिचं वर जातंय. नवी गोळी मला लागू पडली, पाय सुजत नाहीत. हे आधी झालं असतं तर ती डबी ह्या घरात आलीच नसती.

आज तिच्यापुढं पाय धरून बसलो. म्हटलं, अक्का, मी खोटं बोललो होतो. खोटं नाही, न बघता बोललो होतो. एकच आहे ते.

तिनं डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "बाळू, त्या दिशी तुझं त्वांड असं चमकत हुतं. आज बघ कसं पडलंय. चमकत्या तोंडाचं ऐकून एक सोडलं. आता पडल्या तोंडाचं ऐकून दुसरं कसं धरू?"

सकाळ-संध्याकाळ ती डोंगरावर यमाईच्या मूळपीठाला जाते, त्या आकड्यावर, सगळ्या पायऱ्या, थांबत थांबत, पदर तोंडाला लावून. मी मागं मशीनची पिशवी घेऊन. लोक बघतात. बघू देत.

२७ सप्टेंबर, शनिवार

जे केलं ते लिहितो.

सकाळी अक्काच्या आधी एकटाच वर गेलो. फडताळातलं गोळ्यांचं पाकीट खिशात. गुरवाला म्हटलं, हे देवीच्या पायावर ठेवा. त्यानं काय आहे विचारलं नाही. लोक गाडीच्या किल्ल्या ठेवतात, पोरांच्या परीक्षेची पेनं ठेवतात. ठेवलं, कुंकू वाहिलं, फूल ठेवून परत दिलं.

खाली आल्यावर एक गोळी काढली, फुलाबरोबर अक्काच्या हातावर ठेवली. म्हटलं, प्रसाद.

प्रसाद तिनं कधी नाकारला नाही. डोळे मिटले, कपाळाला लावली, तीर्थाबरोबर गिळली.

मी मागच्या दारात जाऊन उभा राहिलो. मला बरं वाटायला हवं होतं. दिनकरचा चेहरा समोर येत होता. त्यानं माझ्या सोन्याचं नाव वापरलं, मी देवीचं वापरलं. आत खरं औषध आहे एवढाच फरक. तो मोठा फरक आहे असं स्वतःला सांगतोय.

शालनला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "घेतली नव्हं?" घेतली. "मग ऱ्हाऊ द्या." आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "पर उद्याच्याला काय सांगाल?"

२८ सप्टेंबर, रविवार

माझं घेतलं नाही. अक्काचं स. १९२/१०६. थोडं खाली. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळूच येईल, रोज घेतली तरच.

आज तिला वर जाऊ दिलं नाही. म्हटलं, मी जाऊन येतो, तुझ्या नावानं ओटी भरतो. ऐकलं. खाली आलो, फूल आणि गोळी हातावर ठेवली.

तिनं कपाळाला लावली. मग तळहात खाली घेऊन बघत बसली. फुलाचं कुंकू लागलेली पांढरी गोळी नखानं जरा पुसली. इतकी वर्षं रोज बघितलेली गोळी, ओळखणार नाही होय.

"बाळू, एक इचारू? खरं सांग. माझी आण हाय तुला."

म्हटलं, विचार.

"ही देवीनं दिली का डॉक्टरनं?"

मी म्हणालो, पाणी आणतो.

आत येऊन तांब्या भरला. फडताळापुढं उभा राहून हे खरडतोय. डॉक्टरनं म्हटलं तर दसऱ्यापर्यंत ती तोंड उघडणार नाही, आणि आकडा अजून दोनशेच्या उंबऱ्यावर आहे. देवीनं म्हटलं तर ती गिळेल, उद्याही गिळेल, रोज गिळेल. आणि मी पुन्हा तेच केलेलं असेन, तिच्या आणेवर. गेल्या महिन्यात न बघता बोललो होतो. आज सगळं बघितलेलं आहे आणि तोंड उघडत नाही. स्वतःची इतकी घाण मला कधी वाटली नव्हती.

दारातून दिसतेय ती. पायरीवर बसलीय, तळहात पुढं धरून, गोळी सांडू नये म्हणून बोटं जरा मिटलेली.

हाक मारतेय. "आरं बाळू, पाणी आणतोस नव्हं?"